दोन रेघांच्या मधून बेतलेला स्वेटर

मागच्या हिवाळ्यात व्हिडिओ कॉलवर मी तुम्हा दोघांना तुमच्या बाबांच्या खांद्याचं, छातीचं आणि बाहीचं माप घ्यायला लावलं होतं. तू टेप धरलीस, धाकट्याने आकडे मोठ्याने वाचले, आणि मध्येच तू विचारलंस, "आजी, पण हे कुणासाठी?" मी उत्तर दिलं नाही. नंतर तू मला लिहिलंस की त्या दिवशी बाबा जेवायला बसला नाही, बाहेर बर्फ असताना बाल्कनीत उभा राहिला. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. वर्गात कुणी प्रश्न विचारला आणि त्याला उत्तर न देता खाली बसवलं, असं मी कधी केलं नाही. म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहिते आहे, क्रमाने.

मिरजगावच्या या घरात आता आम्ही तिघंच राहतो. एक मी. दुसऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना तुम्ही मोठी आजी म्हणता आणि मी अक्का म्हणते. तिसरे अक्कांचे यजमान, माझे थोरले दीर, तुमचे मोठे आजोबा. त्यांना मी भाऊजी म्हणते. तुमचे आजोबा गेल्यावर तुमच्या बाबाने मला तिकडे बोलावलं होतं, पण मी गेले नाही. त्याचं एक कारण तुम्हाला या लिखाणात सापडेल.

अक्का आणि भाऊजींना एक मुलगा आहे. आहे असंच मी लिहिते, कारण या घरात अक्कांपुढे दुसरं काही म्हटलेलं चालत नाही. तो तुमचा काका. तुमचा बाबा आणि तो एकाच वयाचे, एकाच अंगणात वाढलेले. बाबाने तुम्हाला त्याच्याबद्दल काही सांगितलं नसेल, तर त्याला दोष देऊ नका. काय सांगायचं हे आम्हालाही कळलेलं नाही.

तो बावीस वर्षांचा असताना जानेवारीतल्या एका सकाळी घरातून निघाला. "नगरला जाऊन येतो," एवढं म्हणाला. भांडण झालं नव्हतं, कुणी रागावलं नव्हतं, परीक्षेचा निकाल नव्हता, मुलीचं प्रकरण नव्हतं. पोलिसांनी, नातेवाइकांनी, गावाने सगळं खोदून विचारलं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा वाटलं. निदान धरून बसायला काहीतरी असतं. त्याच्या अंगात टोपीचा करडा स्वेटर होता. थंडीत नगरला तिबेटी लोक स्वेटरांची दुकानं मांडतात, तिथून त्याने स्वतः पसंत करून आणलेला. तेव्हा आमच्याकडे हूडी हा शब्द कुणी वापरत नव्हतं.

हायवेवरच्या चहावाल्याने त्याला पाहिलं. पण त्या सकाळी धुकं होतं आणि टोपी कपाळापर्यंत ओढलेली होती. पाठमोरा दिसला, तोंड दिसलं नाही. तो नगरच्या गाडीत बसला की सोलापूरच्या, हे चहावाल्याला नक्की सांगता आलं नाही. आधी म्हणाला नगरच्या. पोलिसांपुढे म्हणाला सोलापूरच्या. अक्का रोज जाऊन विचारायला लागल्या तेव्हा तो रडकुंडीला आला. म्हणाला, "अक्का, लई इचार केला. त्यो तुमचाच हुता का, ह्येबी मला आता सांगता येईना."

अक्कांनी त्याला पुन्हा विचारलं नाही. मात्र त्यानंतर आमच्या घरात एक गोष्ट सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही. टोपी ओढलेला पाठमोरा माणूस दिसला की आम्हा सगळ्यांची नजर तिकडे जाते. पहिली काही वर्षं असे स्वेटर थोडे होते, तेव्हा सोसलं. मग ती फॅशनच झाली. हायवेवर थांबलेले ट्रकचे क्लीनर, कॉलेजची पोरं, मोटारसायकलवरचे दूधवाले, थंडीत जो तो टोपी ओढून फिरायला लागला. बाजाराच्या दिवशी अक्का कुणाच्या तरी मागे चालायला लागायच्या. पुढे जाऊन, वळून, तोंड बघून परत यायच्या. मी बरोबर असले तर भाजीची पिशवी घेऊन जागेवर थांबायची. त्या परत आल्या की आम्ही राहिलेला बाजार करायचो. 

अक्कांचं माहेर शिंगणापूरचं. तिथल्या घरांना दारं नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. लग्न होऊन आल्यावर दाराला कडी लावायची सवय त्यांच्या हाताला काही केल्या लागेना. भाऊजी तेव्हा चेष्टा करायचे, "हिच्या म्हायेरी चौकट बसवत्यात आन् दार इसरत्यात." ही चेष्टा पोरगा करडा स्वेटर घालून गेला तेव्हा संपली. आता भाऊजी स्वतःच निजण्याआधी उठून कडी काढून ठेवतात.

त्याला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. माणूस बारा वर्षं सापडला नाही, काही कळलं नाही, तर तो गेला असं धरून त्याचं क्रियाकर्म करायची आपल्याकडे रीत आहे. देह नसतो, म्हणून दर्भाची माणसासारखी आकृती करतात आणि तिला अग्नी देतात. मग पुढचं सगळं नेहमीप्रमाणे. बारा वर्षं झाली तेव्हा लोकांनी आठवण करून दिली होती. अक्का नाही म्हणाल्या, आणि भाऊजींनीही तो विषय काढला नाही. मागच्या वर्षी मात्र भाऊजींच्या छातीत दुखलं, नगरला दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आल्यावर त्यांनीच विषय काढला. मी भाकरी थापत होते, दोघं ताटावर बसले होते.

"औंदा करून टाकू," भाऊजी म्हणाले.

"काय करून टाकू?"

"तुला म्हाईत हाय."

"मला न्हाई म्हाईत. तोंडानं सांगा."

भाऊजी काही वेळ भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "माजं काय खरं न्हाई आता. बापाच्या हातनं हुईल ते हुईल. मी गेल्यावं त्याच्या नावानं पानी कोन सोडंल?"

"तुमच्या नावानं त्यो सोडंल," अक्का म्हणाल्या. "तुमी घोर करू नगा. कालवन घ्या."

दोघांचंही खरं होतं. भाऊजींना वाटे, पोरगं कुठेतरी अडकून राहिलं आहे, धड इकडे नाही धड तिकडे नाही, आणि आपण मेलो की त्याला सोडवणारं कुणी उरणार नाही. अक्कांना वाटे, ज्या दिवशी ती गवताची आकृती जळेल त्या दिवशी आपणच आपल्या हाताने त्याला मारलं असं होईल. भाऊजींनी गुरुजींना विचारून थंडीतली एक अमावास्या ठरवली. अक्का म्हणाल्या, "ठरवा. मी बसायची न्हाई."

हे असं चाललेलं असताना, तुला माझ्याकडून शिवून हवा होता त्या टोपीच्या स्वेटरचा पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचा छापील नमुना, तुझ्याकडून आला.

तू मेलवर पाठवलेली पानं मी कर्जतला जाऊन छापून आणली. छपाई मापात आली का हे तपासायचा पहिल्या पानावरचा चौकोन पट्टीने मोजून पाहिला, बरोबर होता. मग माझ्या खोलीतला पलंग भिंतीला सरकवून फरशीवर सगळी पानं खुणेला खूण लावून चिकटपट्टीने जोडली. पाठ, पोट, बाही, टोपीचे भाग, खिसा. माझी सासू कापडावर नुसता हात फिरवून चोळी बेतायची. मला ते कधी जमलं नाही. मला कागदावर सांगितलेलं लागतं. त्यामुळे तुझा पॅटर्न मला फार आवडला. तुझं माप त्यावर शोधलं, ट्रेसिंग कागद ठेवून तेवढ्याच रेघेवरून पेन्सिल फिरवली, शिलाईची माया सोडली आणि कापड बेतलं. ताणणारं कापड पायमशीनवर नीट शिवता येत नाही अशी माझी समजूत होती. गोल टोकाची सुई आणून घातली आणि टाका बारीक नागमोडी ठेवला, तेव्हा चाललं.

तुझा स्वेटर तयार होत असताना अक्का माझ्या खोलीत आल्या नाहीत. एरवी मशीन चालू झाली की त्या दारात बसून शेंगा फोडतात आणि माझ्या शिवणाला नावं ठेवतात. "मास्तरीण, टाका हाय का गांडूळ?" असं काहीतरी. या वेळी दारातून पाहिलं, टोपीचे दोन अर्धे तुकडे पलंगावर पडले होते, आणि परत गेल्या. मी समजले. तुझं काम होईपर्यंत खोलीचं दार लोटून शिवत बसले.

पार्सल गेलं त्या दुपारी अक्का आत आल्या. जोडलेले मोठे कागद अजून फरशीवर होते.

"ह्यात मोठ्या मान्साचं माप हाय का?" त्यांनी विचारलं.

"आहे. सगळी मापं आहेत."

"कुटं हायती?"

मी दाखवलं. अशा पॅटर्नमध्ये सगळी मापं एकाच कागदावर, एकात एक काढलेली असतात हे तुला माहीत आहे. सगळ्यात आत लहान, तिच्या बाहेर जरा मोठं, त्याच्या बाहेर आणखी मोठं. कुठे तुटक रेघ, कुठे ठिपके, कुठे अखंड. तळ्यात दगड टाकल्यावर लाटा उठाव्यात तशा त्या खांद्यावरून बाहेर बाहेर जातात. अक्का फरशीवर बसल्या. चष्मा नव्हता, पण रेघा त्यांना दिसत होत्या. त्यांनी आतल्या बाजूच्या एका रेघेवर बोट ठेवलं.

"गेला तवा ह्येवडा असंल."

"असेल, अक्का."

बोट बाहेरच्या रेघेवर सरकलं. मग तिच्या बाहेरच्या. तिथे थांबलं, आत आलं, पुन्हा बाहेर गेलं.

"आन् आता?"

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. माझ्या हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं. आम्ही सगळे इतकी वर्षं बाजारात, बसमध्ये, हायवेवर एका बावीस वर्षांच्या पोराला शोधत होतो. तसा पोरगा आता कुठेच नव्हता. तो समोरून आला असता तरी आम्ही त्याच्या बाजूने निघून गेलो असतो. अक्कांच्याही हे त्या कागदावरच लक्षात आलं असावं, कारण त्यांचा हात कागदावर उताणा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला.

मग त्या एकदम म्हणाल्या, "तुज्या लेकाचं घे की."

"काय?"

"माप. दोगांचं एकच हुतं."

ते खरं होतं. दिवाळीला दोघांचे कपडे एकाच ताग्यातून यायचे. शिंपी घरी यायचा आणि दोघांपैकी जो आधी हाती लागेल त्याचं माप घ्यायचा. दुसऱ्याला बोलवायची गरज नसे. पाठीला पाठ लावून उभं केलं तर डोकी सारखी, खांदे सारखे. एकाच्या शर्टाची गुंडी तुटली की दुसऱ्याचा घालून शाळेत. कुणाचा कुठला हे धुणं वाळत घालताना मलासुद्धा कळत नसे.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते. मला भीती वाटली. जिवंत माणसाचं माप दुसऱ्यासाठी घ्यावं, आणि तो दुसरा कुठे आहे, आहे की नाही हे कुणाला माहीत नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. शाळेत मुलांना मानू देत नव्हते. पण माझा मुलगा समुद्रापलीकडे आहे, मी वर्षानुवर्षं त्याला फोनच्या काचेतच पाहते, आणि त्याचा आकार असा उसना द्यायचा, हे मला नको होतं. अक्कांना मी नाही म्हणू शकले नाही. संध्याकाळी कॉल लावला.

पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. तुम्हाला दिसलं नाही ते एवढंच, की अक्का माझ्या शेजारी, फोनच्या चौकटीबाहेर बसल्या होत्या. आणि तुम्ही टेप आणायला गेलात तेव्हा बाबाने विचारलं, "कुणासाठी गं आई?" मी म्हणाले, "अक्कांना हवं आहे." त्याने पुढे विचारलं नाही. त्याला कळलं. त्याने हात बाजूला पसरले आणि तू टेप लावेपर्यंत तसाच उभा राहिला. लहानपणी शिंप्यासमोर दोघांच्या वतीने तो असाच उभा राहायचा.

मग अक्कांनी मान पुढे काढून पाहिलं आणि म्हणाल्या, "पोट लई सुटलंय की रे! बायकू रोज पुरनपोळ्या घालती व्हय?" तुम्ही दोघं खूप हसलात. बाबाही हसला. फोन ठेवल्यावर अक्का मला म्हणाल्या, "पोटाचं त्याचं नगं धरू. खांदा, छाती, बाही धर. पोटाचं आपन ठरवू."

पोटाचं ठरवायला आम्हाला दोन दुपारी लागल्या. कारण पोट किती हे ठरवायचं, तर तो काय काम करतो हे ठरवायला हवं होतं.

"डायवर असंल तर पोट असनार," अक्का म्हणाल्या. "बसून बसून."

"त्याला गाडी चालवायची आवड होती."

"हुती. पन धाब्याचं खानं त्याला सोसत न्हाई. त्यो डायवर नसंल."

"दुकानात असेल?"

"हिशेबात कच्चा." मग थोड्या वेळाने, "उभ्याचं काम असंल. हाटेलात न्हाईतर कारखान्यात. उभ्या मान्साला पोट कमी असतं."

"लग्न झालं असेल?" हे माझ्या तोंडून निसटलं.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता उठतील. पण त्या म्हणाल्या, "मग थोडं धर. बोटभर."

म्हणून मी पोटाला कुठलीच छापील रेघ घेतली नाही. खांद्यापासून काखेपर्यंत तुमच्या बाबाची रेघ. तिथून खाली तिच्या आणि तिच्या आतल्या रेघेच्या मधून माझी पेन्सिल. अक्का गुडघ्यावर ओणव्या होऊन पाहत होत्या, माझं टोक जरा इकडे गेलं की माझं मनगट धरत होत्या. कागदावर त्या रेघेने एक माणूस उभा राहिला. मी मागे सरून पाहिलं, तर तो बाबा नव्हता आणि बावीस वर्षांचा पोरगाही नव्हता. चाळिशी ओलांडलेला, अंगाने बेताचा, उभ्याचं काम करणारा एक अनोळखी माणूस माझ्या खोलीच्या फरशीवर उताणा पडला होता.

कापड आणायला आम्ही दोघी नगरच्या कापडबाजारात गेलो. दुकानदाराने करडं काढलं. अक्का म्हणाल्या, "करडं नगं. धुक्यात दिसत न्हाई." विटकरी रंग घेतला.

टोपीवरून अडलं. अक्का म्हणाल्या, "टोपी नगं लावू. मान्साचं तोंड दिसलं पायजे." मी म्हणाले, गळा टोपीच्या मापाने बेतलेला आहे, पण पट्टी लावून बंद करता येईल. दुसऱ्या दिवशी मी पट्टी कापायला घेतली, तर दारातून म्हणाल्या, "लाव टोपी. तिकडं थंडी असंल." तिकडं म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही.

स्वेटर झाला. अक्कांनी तो कपाटात ठेवला नाही. पडवीत खुंटीला अडकवला. त्या दिवसांत मी पडवीतून जायचं टाळत असे. वारा आला की बाह्या हलायच्या, टोपी आत पडून खांदे वाकल्यासारखे दिसायचे, आणि दिवेलागणीला तर कुणीतरी भिंतीकडे तोंड करून उभं आहे असंच वाटायचं. भाऊजी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसत. त्यांनी त्याबद्दल काहीही विचारलं नाही. हे कुणाचं, कशासाठी, हे त्यांना विचारावं लागणार नव्हतंच.

अमावास्या जवळ आली. गुरुजींनी सांगितलेलं सामान भाऊजी आणत होते आणि माजघरात एका पाटावर ठेवत होते. तीळ, जव, दर्भाची जुडी, तांब्या, पंचपात्री. अक्का त्या पाटाला वळसा घालून जात. आदल्या दिवशी सकाळी मी माजघरात आले आणि जागीच थांबले. तांब्याच्या शेजारी विटकरी स्वेटर घडी घालून ठेवलेला होता.

मी भाऊजींना विचारलं. ते माझ्याकडे न बघता बोलतात, जुनी रीत आहे. खांबाकडे बघून म्हणाले, "गुरुजी म्हनले, गेलेल्याच्या नावानं नवं वस्त्र दान द्यावं लागतं. बाजारातनं आनन्यापरीस ह्ये त्याच्याच मापाचं हाय. त्याला पोचंल."

त्यांच्या आवाजात कपट नव्हतं. उलट काहीतरी नीट जमून आल्यासारखा तो आवाज होता. पण ते वस्त्र माझ्या मुलाच्या खांद्यावरून बेतलेलं होतं. मेलेल्याच्या नावाने ते कुणाच्या तरी हातावर ठेवलं जाणार होतं. मी ते उचलायला हात पुढे केला असता तर भाऊजींनी अडवलं नसतं. तरीही माझा हात उठला नाही. हक्क माझा नव्हता.

अक्का मागच्या दाराने आत आल्या. धुण्याची बादली हातात होती. त्यांनी पाट पाहिला, बादली खाली ठेवली, ओले हात पदराला पुसले. स्वेटर उचलला, झटकला आणि डोक्यावरून घालायला लागल्या. अंबाडा गळ्यात अडकला. आतून दबका आवाज आला, "वढ की गं, बघत काय बसलीस!" मी पुढे होऊन ओढला. डोकं बाहेर आलं, केस विस्कटलेले. नऊवारीच्या ओच्यावर तो विटकरी स्वेटर मांडीपर्यंत आला. बाह्या हातांच्या बोटांखाली वीतभर लोंबत होत्या.

"अगं, काय केलंस ह्ये?" भाऊजी उठून उभे राहिले.

"घातलं. आता जुनं झालं. घातल्यालं दानाला चालतंय का, इचारा तुमच्या गुरुजीला."

"न्हाई चालत."

"मग झालं तर."

"मी नवं आनीन बाजारातनं."

"आना. त्याच्या मापाचं आना." अक्का त्यांच्या अगदी जवळ गेल्या. "म्हाईत हाय का तुमाला त्याचं माप? सांगा की. किती झालाय?"

अक्कांनी दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. रिकाम्या बाह्या खाली लोंबल्या.

"येवडा झालाय," अक्का म्हणाल्या.

भाऊजींनी एक बाही हातात घेतली. मनगटपट्टीपासून वर चाचपत गेले. हात कुठे संपतो आणि कापड कुठे सुरू होतं ते बघत असावेत. मग पुन्हा खाली आले आणि तो मोकळा भाग मुठीत धरून ठेवला. "माज्यापरीस लांब हाय," म्हणाले. या घरात मी भाऊजींना तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. अक्का रडल्या नाहीत. त्या बाही सोडवून न घेता तशाच उभ्या राहिल्या. मी बादली उचलून धुणं वाळत घालायला गेले.

दुपारी गुरुजींना मी फोन केला. उद्या यायला नको, असं सांगितलं. पुढचा मुहूर्त कधीचा, असं त्यांनी विचारलं. घरातली मंडळी कळवतील, असं मी म्हणाले. पाटावरचं सामान संध्याकाळपर्यंत तसंच होतं. मग भाऊजींनी तीळ मला आणून दिले. ते मी डब्यात ओतले. दर्भाची जुडी त्यांनी कुठे ठेवली ते मला माहीत नाही. टाकली नसावी. हा विषय मिटला असं मी तुम्हाला सांगणार नाही. भाऊजींची छाती अजून दुखते, आणि मी गेल्यावर कोण, हा त्यांचा प्रश्न अजून तिथेच आहे.

अक्कांनी मात्र तो स्वेटर परत खुंटीला लावला नाही. दिवस कलला की तो अंगात घालतात, बाह्या दुमडतात, टोपी ओढतात आणि ओट्यावर हायवेकडे तोंड करून बसतात. मी स्वयंपाकघरातून बाहेर येते तेव्हा मला फक्त पाठ दिसते. खांदे भरलेले, डोक्यावर टोपी. तो मीच शिवला आहे, आत कोण आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी रोज उंबऱ्यात माझं पाऊल क्षणभर अडतं. एखाद्या दिवशी त्या वळतील आणि तोंड दुसरंच असेल, असं वाटून मी हाक मारत नाही. भांडी वाजवते, म्हणजे त्या आपणहून बोलतात.

परवा भाऊजी रस्त्याच्या कडेला उभे होते. पलीकडच्या वस्तीवरची बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन जात होती. ती थांबली, आमच्या ओट्याकडे निरखून पाहिलं आणि भाऊजींना विचारलं, "बापू, कोन पाव्हनं आलंय का वो? टोपीवालं मानूस बसल्यालं दिसतंय."

भाऊजींनी वळून ओट्याकडे पाहिलं. मी दारात होते, अक्कांनाही ऐकू गेलं असणार, पण त्या हलल्या नाहीत. दिवे लावायची वेळ होती, हायवेवरून एक ट्रक गेला.

मग भाऊजी म्हणाले, "पाव्हनं न्हाई. घरचंच हाय."